आधी बाकीचे, मंग काळा

सेनगावच्या स्टँडामागं दिपकनं पूल खेळायचं टेबल टाकलं अन् नामाजीचा बाजार बिघडला. नामाजी आमच्या गावचा, मेंढरं-शेरडं राखणारा. मीठ-मिरची घ्यायला जायचा अन् कूलरची हवा खायला दिपककडं टेकायचा. पाहता पाहता खेळायची काठी हातात घेतली. काठीची सवय जन्माची, नेमही पक्का. पण जिंकंल तर शपथ! पहिल्याच झटक्यात काळा बॉल भोकात घालायचा अन् ऐटीत चहूकडं पाहायचा.

"मामा, काळा शेवटी असतो!" दिपक कपाळ बडवायचा. "आधी आपले सगळे घाला, मंग काळा. आधीच घातला की हरले."

"काहून? म्होरक्या शिरल्याबिगर बाकीचे आत जातेत का कुठं?"

नामाजीच्या कळपाचा म्होरक्या सुलतान. काळाभोर बोकड, गळ्यात घंटी. तो मेंढवाड्यात शिरला की सारा कळप मागं. टेबलाभोवतीची पोरं फिदीफिदी हसून राहिली, तसा नामाजी तापला. "येत्या बाजारी दिपकला हरवतो. न्हाई तर सुलतान तुमचा, कापून खा!"

घरी बायकोनं, पंचफुलाबाईनं ऐकलं. बाई रडली न्हाई, ओरडली न्हाई. "द्या की बोकड. मंग घंटी तुमच्या गळ्यात बांधते, चाला कळपापुढं."

नामाजीनं सराव धरला. रोज सांजच्याला तो मेंढवाड्याच्या दारात सुलतानाची शिंगं धरून उभा राहू लागला. "आधी बाकीचे, मंग काळा." कळप बावचळला. एक म्हातारी मेंढी तर रुसून बाभळीखाली बसली. पण हळूहळू जमलं. सुलतान न धरता दारात थांबू लागला, पंगत बसवणाऱ्या यजमानावानी.

बाजारच्या दिवशी नामाजीनं कमाल केली. "हुर्रर्र, चल आत," करत एकेक बॉल हाकला. राहिला काळा, तोही भोकाच्या तोंडाशी. दिपकचं तोंड उतरलं. नामाजीनं दणका दिला. काळा आत. मागोमाग ज्यानं मारला तो पांढराही आत.

"हरले मामा! पांढरा बाहेर राहायला पायजे!"

"तो राखणदार हाय ना? सगळे गेल्यावर आत जाऊन ताटी लावंल, का बाहेर लांडग्याची वाट पाहत बसंल?"

पण शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवशी दिपक अन् पोरं टेम्पो घेऊन आली, चढायला फळी लावली. सुलतान फळीपाशी येऊन थांबला. ओढलं, ढकललं, ढिम्म हलंना. तेवढ्यात ती म्हातारी मेंढी त्याच्या बगलंतून वर चढली अन् तिच्यामागं सारा कळप. टेम्पो गच्च झाला. सुलतान खाली उभा, शिस्तीत.

"मामा, उतरवा ना यांना!"

"उतरायचं शिकवलं न्हाई अजून."

"सगळेच कापा," पंचफुलाबाई म्हणाली. "पोटभर होईल."

मेंढरं उतरवता उतरवता पोरांच्या अंगाला लेंड्यांचा वास लागला अन् मटणाची भूकच मेली. "ऱ्हाऊ द्या मामा, आमी भजेच खातो," म्हणत दिपकनं टेम्पो फिरवला.

बोकड वाचला. पण आता सकाळी चरायला जातानाही तो दारातून पुढं निघतच न्हाई, सगळे जाईस्तोवर उभा. अन् पुढं कुणी असल्याबिगर कळपही हलंना. पंचफुलाबाईनं त्याची घंटी सोडली.

आताशा सकाळी घंटी वाजली की गाव म्हणतं, नामाजी निघाला.