मामांची तपकिरी रेघ

निपाणीजवळच्या आमच्या खोऱ्याचा उतार वेदगंगा नदीच्याही आधी माझ्या बायकोच्या मामांना कळला असावा. मामा कालव्याच्या मोजणीत जमीन मापायची साखळी धरायचे. कचेरीनं रद्दीत काढलेला खोऱ्याचा जुना नकाशा त्यांनी मागून आणला, मागं धोतराचं कापड चिकटवलं, आणि तेव्हापासून तो काखेत घेऊनच ते हिंडू लागले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो मांडीवर. मला बघायला आले तेव्हा पगार विचारला नाही. शहरात उद्यमबागेजवळ घर आहे म्हटल्यावर, "तिथलं पाणी कुठं जातंय?" एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही. तरी मुलगी दिली.

पुराच्या वर्षी आम्ही मामांच्या गावी होतो. नदी दोन दिवस चढत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंचबाईंनी सगळ्यांना शाळेत हलायला सांगितलं. मामांनी चावडीत नकाशा पसरला आणि सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या एका तपकिरी रेघेवर बोट ठेवलं. "ह्या रेघंच्या वरची जमीन उंच. शाळा खाली हाय. बिरोबाच्या माळावर चला."

"मामा, माळावर छप्पर न्हाय. शाळा लई उंच दिसती की," सरपंचबाई म्हणाल्या.

"जोतं उंच हाय. जमीन न्हाय."

कुणी हललं नाही. भर पावसात म्हातारीकोतारी उघड्यावर न्यायची, तीही एका कागदाच्या भरवशावर. मामा घरी गेले. मामी वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना मामांनी आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवलं, वर ताडपत्री धरली. मामींनी विचारलं, "नक्की न्हवं?" मामा म्हणाले, "साखळी मीच धरलीती." ट्रॉली माळाकडं निघाली तशी एकेक करून बाकीची माणसं, म्हशी मागं आल्या.

दुपारी पाणी शाळेच्या खिडक्यांत शिरलं. संध्याकाळी ते माळाच्या पायथ्याशी येऊन थांबलं. नकाशात रेघ जिथं आत वळली होती तिथं पाणीही आत वळलं होतं. मामांनी नकाशा उघडलासुद्धा नाही. ते मामींच्या पायांवरची ताडपत्री सारखी करत होते.

मामी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. नंतर एकदा मी गेलो तर मामा शेतात होते. पुरानं ओढ्याची वाट बदलली होती आणि त्यांना ती नकाशात घ्यायची होती. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं धरली. "जावईबापू, रेघ तुम्ही वढा. हात थिर ऱ्हाईना आता."

मी नकाशा मांडीवर पसरून बांधावर बसलो. मामा ओढ्याच्या काठानं सावकाश चालत राहिले, प्रत्येक वळणाशी थांबून मला हाक देत.