तपासणीआधी छापलेलं नाव

अन्याय झाला तो आमच्या पोस्टमनवर. २००६ सालच्या हिवाळ्यात, कप स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास. शनिवारी मैदानात जे झालं ते सगळ्या गावानं पाहिलं, म्हणून गाव शनिवारबद्दल बोलतं. मी गुरुवारबद्दल बोलणार, कारण गुरुवारी बटण मी दाबलं होतं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं आमचं गाव रग्बी लीगचं. तेरा जणांचा खेळ, अंगावर धावून जायचं आणि आडवं करायचं. आमचा क्लब हौशी. प्लंबर, बसचालक, एक शाळामास्तर, आणि आठ नंबरच्या जर्सीत आमच्याच गल्लीचा पोस्टमन. अंगानं दाराएवढा, आवाजानं मऊ. माझे बाबा जवळच्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर. कोचचा गुडघा त्यांनी नीट केला आणि तेव्हापासून शनिवारी ते क्लबचे ‘डॉक’ झाले. नागपूरहून येऊन बाबांना सोळा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत, न मागता त्यांच्या हातात चहा ठेवणारी जागा हीच एक.

कपाचा नियम साधा: हरलात की घरी. आम्ही पहिली फेरी जिंकलो. दुसरीही जिंकलो, तर तिसऱ्या फेरीत पगारी खेळाडूंची टीम आमच्या मैदानावर येणार होती. गावात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत आठ नंबरच्या कानामागे कुणाचं तरी ढोपर बसलं. तो पडला, उठला, आणि जाऊन समोरच्या टीमच्या रांगेत उभा राहिला. लोक हसले. “अरे बाबा, ते हरतायत, इकडे ये!” कुणीतरी ओरडलं. मीही हसले. बाबा बाकावरून अर्धे उठले होते. कोच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बस डॉक, तो जन्मापासून असाच आहे.” बाबा बसले. आम्ही जिंकलो.

सोमवारी आमच्या दारात एक्केचाळीस नंबरचं पत्र पडलं. आमचं घर चौदा. मंगळवारी तीन पत्रं, तिन्ही दुसऱ्यांची. बुधवारी समोरची म्हातारी आमचं विजेचं बिल घेऊन आली. “तुमचा हिरो अजून कपातच आहे वाटतं,” ती म्हणाली आणि हसत गेली. आईला हसू आलं नाही.

“अहो, सकाळी तो फाटकापाशी उभा होता,” ती बाबांना म्हणाली. “कितीतरी वेळ. कडी कुठल्या बाजूला सरकवायची ते आठवत नसल्यासारखा. शेवटी मी जाऊन उघडली.”

“सामन्याच्या शनिवारी बघतो त्याला.”

“शनिवारी कशाला? रोज दारात येतो की तो तुमच्या.”

बाबांनी पेपर उलटला. त्यांचं म्हणणं होतं की अशा माराला निदान तीन आठवडे विश्रांती हवी, आणि दोन फेऱ्यांमध्ये अंतर होतं दोनच आठवड्यांचं. हे त्यांनी कोचला फोनवर सांगितलंसुद्धा. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. पलीकडून काहीतरी बोलणं झालं, मग बाबा हसले. त्यांचं ते क्लबातलं हसू, घरी कधी न येणारं. “ओके, ओके,” ते म्हणाले, “त्या दिवशी बघू.” त्या आठवड्यात आणि पुढच्याही आठवड्यात पत्रं चुकत राहिली. आई रोज ती गोळा करून घरोघर देऊन यायची. आमच्या घरात त्याच्या दुखण्याचं निदान रोज टपालानं येत होतं आणि डॉक्टर ते पायपुसण्यावरून उचलून टेबलावर ठेवत होता.

सामन्याचं माहितीपत्रक, म्हणजे गेटवर वाटायचा टीमच्या नावांचा कागद, मी काढायचे. सतरा वर्षांची होते, पण इराक युद्धाविरुद्धची पत्रकं घड्या घालून वाटण्यात माझा हात बसलेला होता. गुरुवारी चार वाजता मी क्लबच्या झेरॉक्स मशीनपाशी उभी राहिले आणि कोचला विचारलं, “आठ नंबर नक्की ना? बाबांनी तपासलंय?”

“तू छाप गं पोरी. डॉक शनिवारी बघेल.”

त्याच्या नावापुढे थोडी जागा उरत होती. मी तिथं पेनानं लिहिलं: पूर्ण तंदुरुस्त. कुणी सांगितलं नव्हतं. ओळ भरायची होती. मग बटण दाबलं.

प्रती निघत असतानाच तो स्वतः आत आला, बायकोसाठी तिकीट न्यायला. गरम कागद हातात घेऊन स्वतःचं नाव बोटानं वाचत राहिला. मग मला विचारलं, “हा सामना कधी आहे?”

मला मस्करी वाटली. “थांब, पोस्टानं कळवते,” मी म्हणाले.

तो हसला. पण उशिरा हसला. आधी माझ्या तोंडाकडे बघून, हसायचं आहे हे ठरवून मग हसला. ते मी पाहिलं, आणि घड्या घालायला बसले.

शनिवारी गाव लोटलं होतं. दुपारीच धुकं उतरलं होतं, समोरचे गोलपोस्ट अर्धेच दिसत होते. उरलेल्या प्रती द्यायला मी खेळाडूंच्या खोलीच्या दारात गेले. आत बाबा त्याची तपासणी करत होते. बोट डावीकडे, बोट उजवीकडे. मग प्रश्न.

“आज वार कोणता?”

त्यानं खाली पाहिलं. मांडीवर माझं माहितीपत्रक उघडं होतं. “शनिवार.”

“समोर कोण आहे?”

पुन्हा खाली पाहिलं. बरोबर उत्तर.

“कितवी फेरी?”

पुन्हा खाली.

बाबांची नजरही त्या कागदावर गेली. मी पाहिलं. भिंतीपलीकडे लोक पाय आपटत होते, बाकं थरथरत होती. कोचनं पेन पुढे केलं. बाबांनी सही केली. मी उरलेल्या प्रती दाराशी ठेवल्या आणि बाहेर आले.

तेराव्या मिनिटाला तो पडला. टक्कर अगदी किरकोळ, तशा त्या दिवशी शंभर झाल्या असतील. तो उठला नाही. पाय आपटणं एकेका बाकावर थांबत गेलं. धुक्यातून त्याच्या बायकोचा आवाज तेवढा येत होता, ती त्याला नावानं हाक मारत होती. अॅम्ब्युलन्स मैदानात आली तेव्हा बाबा गुडघ्यावर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून होते.

तो वाचला. आता त्याचा डावा हात चालत नाही आणि पाकिटावरचा पत्ता त्याला लागत नाही. बायको त्याला आमच्या गल्लीतून फिरायला नेते. प्रत्येक फाटकापाशी तो थांबतो, खिशात हात घालतो, काही सापडत नाही, मग ती त्याला पुढे नेते.

मी बाबांना विचारलं, “तो वाचून सांगत होता. तुम्ही पाहिलंत.”

“पाहिलं.”

“मग?”

“बाहेर सगळं गाव उभं होतं गं.” एवढंच. पुन्हा ते क्लबात गेले नाहीत. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि माफ न केलेल्यांच्या रांगेत माझा नंबर पहिला आहे.

क्लबनं त्याची जर्सी काचेत लावली आहे, शेजारी माझं माहितीपत्रक. ‘पूर्ण तंदुरुस्त’ अजून वाचता येतं. काढा म्हटलं तर म्हणतात, हा त्याचा सन्मान आहे. मी दर वर्षी जाऊन काढा म्हणते.

हे वाचणारे तुम्ही या देशात कुठेही असाल, हाउन्सलोत असाल, नॉटिंगहॅमला असाल. तुमच्यातल्या कितीजणांना हॉस्पिटलाबाहेर कुणीतरी लाडानं ‘डॉक’ म्हणत असेल. तुम्हाला सांगते: टीमची नावं छापण्याआधी खेळाडूंना तपासा. खोलीतला प्रत्येक कागद बाहेर काढा. उत्तर अडखळलं तर सही करू नका, मग बाहेर कितीही पाय आपटू देत. आणि डॉक्टर नसाल, तर गेटवर हातात माहितीपत्रक पडेल तेव्हा विचारा: यातल्या कुणाच्या डोक्याला मार लागलाय, आणि त्याला तपासलं कधी? उत्तर मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नका.