उत्तरायणातला एकशे चार

त्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आमच्या घरातल्या चार माणसांना आणि एका शेजारणीला एकाच वेळी एकशे चार ताप होता. एका दशांशाचाही फरक नाही. मोजणारा मी होतो, आणि मोजमापात मी हयगय करत नाही.

चौघांपैकी पहिली आमची मुलगी, मृण्मयी. तिचा पहिला वाढदिवस अजून व्हायचा होता. आम्ही तेव्हा बडोद्यात तरसालीला नव्या बैठ्या टेनामेंटमध्ये राहायला आलो होतो. घरात फोनही नुकताच आला होता आणि तो विणलेल्या रुमालाखाली झाकलेला असे. मी जवळच्याच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. भट्ट्या आणि बॉयलर यांची तापमानं दाखवणारी उपकरणं खरं बोलतात की खोटं, हे बघणं माझं काम. (हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. नंतर ते माझ्या अंगावर येणार आहे.)

मृण्मयी त्या सकाळी उठली तीच फणफणून. माझ्या बायकोने, सुनंदाने, थर्मामीटर लावला. एकशे चार. शेजारी उभ्या असलेल्या आईने तो आकडा ऐकला आणि ती मटकन खाटेवर बसली.

याला कारण होतं. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती तापात गेली. आई त्याबद्दल फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "किती ताप होता तेही कळलं नाही रे. घरात मोजायला काही नव्हतं." मृण्मयीच्या बारशाआधीच मी घरात चांगल्यातला चांगला थर्मामीटर आणून ठेवला होता तो त्यामुळेच. आता माझ्याकडे मोजायला होतं. आपल्या घरात आता कुणी आकड्यावाचून जाणार नाही, अशी माझी काहीतरी समजूत होती.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तापाचं औषध किती द्यायचं ते सांगितलं, कोमट पाण्याने अंग पुसायला सांगितलं आणि बजावलं, "ताप उतरला नाही, किंवा झटका आल्यासारखं वाटलं, तर सणाचा विचार करू नका. घेऊन या." मागून लाउडस्पीकर आणि "काप्यो छे"चा गलका ऐकू येत होता. म्हणजे ते पतंग उडवायला गच्चीवर निघाले होते. उत्तरायणाला बडोद्यात जमिनीवर कुणी सापडत नाही.

मग मी कामाची वाटणी केली. औषध आणि पुसणं सुनंदाकडे, मोजणं माझ्याकडे. थर्मामीटर मी खिडकीजवळ, कापसाच्या घडीवर ठेवला. कारखान्यात शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी मी सांगतो, की उपकरण फुलासारखं हाताळायचं. आदळायचं नाही, हलवायचं नाही, आणि झटकायचं तर मुळीच नाही. त्या तत्त्वाने मी तो थर्मामीटर मृण्मयीच्या काखेत लावला, हळूच काढला, उजेडात वाचला, अलगद परत ठेवला.

औषधानंतर पहिली नोंद : एकशे चार.

पुन्हा अंग पुसलं. एकशे चार.

"अहो, हाताला तर कमी लागतंय," सुनंदा म्हणाली.

"हात हे उपकरण नाही," मी म्हणालो.

पुन्हा मोजला. एकशे चार. आमच्या कारखान्यात एखाद्या भट्टीने इतकं स्थिर तापमान राखलं असतं तर त्या पाळीच्या लोकांना मी स्वतः चहा पाजला असता. (काटा हलत नसेल तर आधी काटा अडकला आहे असं समजावं, हेही मी शिकाऊ मुलांना शिकवतो. पण तो धडा दुसऱ्या दिवशीचा.)

मग मी ठरवलं की कोमट पाण्याने भागत नाही. टाकीतलं घेतलं. जानेवारीतलं टाकीचं पाणी. सुनंदाने माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं, मी ते परत घेतलं, आणि थोडा वेळ आम्ही आजारी लेकरासमोर एका फडक्यासाठी झोंबत होतो. मृण्मयी रडत होती. तिचे हातपाय गार पडले होते. ताप चढताना हातपाय गार पडतात हे मला ठाऊक होतं, म्हणून माझी भीती आणखी वाढली.

"थर्मामीटर बिघडलाय," सुनंदा म्हणाली.

"त्यात बिघडायला आहे काय? काच आणि पारा."

पण शंका आली की पडताळा घ्यावा, ही आमची पद्धत. मी धडधाकट माणूस. माझ्या काखेत लावला तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव यायला हवा. लावला. एकशे चार आला.

आता निष्कर्ष दोनच निघत होते. एक तर उपकरण चुकीचं, नाहीतर मी आजारी. उपकरण तर मी सकाळपासून फुलासारखं जपलं होतं. मी कपाळाला हात लावून पाहिला. गरम लागलं. (त्या दिवशी कुठल्या बापाचं लागलं नसतं?)

"मलाही आहे," मी म्हणालो. "ये, तुझा बघू."

सुनंदाला एकशे चार. "मला काहीही होत नाहीये," ती म्हणाली. मी म्हणालो, सुरुवातीला होत नाही. आईला एकशे चार. आईने तो आकडा शांतपणे ऐकला आणि एवढंच म्हणाली, "माझं राहू दे रे. पोरीला बघ." तरीही मी तिला गोधडी पांघरून निजवलं.

एवढ्यात शेजारच्या कोकिलाबेन उंधियूचा डबा घेऊन आल्या. मी त्यांना उंबऱ्यातच थांबवलं, साथ असल्याचं सांगितलं आणि खबरदारी म्हणून त्यांचाही ताप मोजला. त्या डबा माझ्या हातात देऊन, भिंतीला धरून, घरी गेल्या. एरवी त्या गच्चीचा जिना पळत चढत.

आणि तेव्हा मृण्मयी थरथरली.

ओठ निळसर, हनुवटी कापतेय. विनोद करायला मी आज बसलोय, पण त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती : आईची ती मुलगी. तिला झटका आला होता की नव्हता, हेही आईने कधी सांगितलं नव्हतं. आई गोधडीतून उठून दाराशी आली होती. तिने स्वतःची शाल काढून मृण्मयीला गुंडाळली.

स्कूटर काढली. रस्त्यावर जागोजाग मांजा लोंबत होता, म्हणून मी गळ्याला मफलर गुंडाळला आणि सुनंदा मृण्मयीला छातीशी धरून मागे बसली. डॉक्टरांच्या घरी खाली कुणी नव्हतं. आम्ही थेट गच्चीवर गेलो. डॉक्टर डोक्यावर टोपी, बोटांना चिकटपट्ट्या, अशा थाटात पतंग उडवत होते. आम्हाला बघताच त्यांनी दोर शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि टेपरेकॉर्डर बंद करायला लावला.

मी एका दमात सगळं सांगितलं. घरातले चार आणि शेजारीण पाचवी, सगळ्यांना एकशे चार, सकाळपासून स्थिर. "पाचेयने?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, पाचही जणांना, एका दशांशाचाही फरक नाही. आणि पुरावा म्हणून खिशातून कापसात गुंडाळलेला थर्मामीटर काढला.

डॉक्टरांनी तो माझ्याकडून घेतला, पाहिला, आणि मनगटाला असा काही झटका दिला की माझा जीव गलबलला. पुन्हा एक झटका. मग त्यांनी तो शालीच्या आत, मृण्मयीच्या काखेत ठेवला.

सुनंदा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. मी थर्मामीटरकडे.

"सत्ताणुं," डॉक्टर म्हणाले. "ताव तो क्यारनो उतरी गयो छे. आने तो ठंडी लागे छे." म्हणजे ताप कधीच उतरला होता, पोर थंडीने कुडकुडत होती. मग मला हळू आवाजात विचारलं, "झाटकता नहोता?"

सुनंदा माझ्याकडे वळली. "तुम्ही झटकत नव्हतात? मग चढलेला पारा खाली येणार कसा?"

मी म्हणालो, उपकरण झटकायचं नसतं.

सुनंदा तिथेच, पतंगाच्या ढिगाशेजारी बसली आणि मृण्मयीला कवटाळून रडायला लागली. मलाही काही दिसेना. डॉक्टरांनी मला सावरायला थोडा वेळ दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्यां काम करो छो?"

"अकाउंट्समध्ये," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, पण तिने तो ऐकला नाही. शालीत हात घालून मृण्मयीच्या पोटाला लावला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"उतरलाय," आई म्हणाली. मग डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली आणि उंधियू गरम करायला ठेवला.

राहिल्या कोकिलाबेन. मी सांगायला गेलो. त्यांचा मुलगा आणि सून गच्चीवरून खाली येऊन काळजीत बसले होते, आणि कोकिलाबेन दोन गोधड्यांखाली कण्हत होत्या. मी सगळी चूक कबूल केली. थर्मामीटर त्यांच्या देखत झटकून दाखवला. त्यांनी क्षीण हसून मान हलवली.

"ना भाई. तमे तो कारखानामां ए ज काम करो छो. तमारी भूल केम थाय?" माझी चूक होईलच कशी, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी माझ्या मोजमापावर विश्वास असलेलं बडोद्यात एकच माणूस उरलं होतं, आणि ते धडधाकट असून गोधडीत पडून होतं.