ओत्ताव्हिओचा आवाज

ओत्ताव्हिओ अस्सल रोमचा. गार्बातेल्लाच्या गल्ल्यांत वाढला, तिथल्याच पोरांशी मारामाऱ्या केल्या. बाप इटालियन, नाव देऊन नामानिराळा झालेला. आई लेतेब्रहान एरिट्रियाची. रंग आईचा, जीभ मात्र पक्की इथली. भाजीबाजारात माल उतरवता उतरवता तो कुणाची फिरकी घ्यायला लागला, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या सात पिढ्या इथंच गेल्यात.

त्याच बाजारात सिनेमावाल्यांनी त्याला हेरलं. साठ सालच्या त्या दिवसांत बँक फोडणाऱ्या टोळ्यांच्या सिनेमांचं नुसतं पीक आलं होतं. टोळीत एक म्हातारा, एक देखणा, एक बावळट, आणि ओझी उचलायला एक काळा. आजवर ओत्ताव्हिओच्या वाट्याला मुकी कामंच आली होती. दार उघड, सलाम ठोक, चालू लाग. या वेळी बोलायचं होतं!

आईची दृष्टी केव्हाच गेलेली. "तू दिसतोस कसा ते राहू दे," ती म्हणाली. "बोलणार आहेस ना? मग झालं तर."

सेटवर तो असा काही बोलला, की दिवेवालेसुद्धा पोट धरून हसले. आता आपल्याकडे इटलीत सिनेमात आवाज मागाहून भरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओत्ताव्हिओलाही ठाऊक होतं. तो बोलावण्याची वाट बघत बसला. बोलावणं आलंच नाही. तर या शहाण्यानं काय समजूत करून घ्यावी? म्हणे, सेटवरचंच इतकं झकास झालंय, की पुन्हा भरायची गरजच उरली नाही! काय म्हणावं आता?

सिनेमा लागला, त्या रविवारी आईनं ठेवणीतली पांढरी शाल काढली. शेजारच्या इओलांदाबाईंनी भोपळ्याच्या खाऱ्या बियांची पुडी तिच्या हातात कोंबली. "पोरगं नाव काढणार हो तुमचं!"

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर ओत्ताव्हिओचं तोंड हललं आणि त्यातून भलत्याच कुणाचा घोगरा आवाज बाहेर पडला: "मालक... मी उचलणार... मी नाही समजणार." कालच बोटीतून उतरल्यासारखं तोडकंमोडकं बोलणं. थिएटर खदखदून हसलं. पुढं पडद्यावरच्या पोलिसांनी टोळीतल्या सगळ्यांत आधी त्यालाच धरलं, तेव्हाही हशा.

आई कान टवकारून बसली होती. "बाळा, तुझं कधी येणार?"

"येईल."

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. ती जागची हलेना.

"आई, चल. माझं कापलं त्यांनी."

"कापलं? मेल्यांनी कापलं?" बाहेर पडल्यावर तिनं त्याचा दंड घट्ट धरला. "आणि तो कोण रे, ज्याला सगळे हसत होते? बोलण्यावरून आपल्यातलाच वाटला. बिचारा! त्याची आई नव्हती ना आली इथं?"

"नाही, आई," ओत्ताव्हिओ म्हणाला. "नव्हती आली."