दगडावर नसलेला नवरा

सातवीपर्यंत माझी शाळा म्हणजे आमचे जेवणाचे टेबल. आई इतिहास शिकवायची, बाबा गणित. रोमपर्यंत येऊन आईने हात टेकले आणि अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातल्याच वसुधाकाकूंकडे मला नेले. काकू विद्यापीठात प्राचीन रोम आणि आरंभीचा ख्रिस्ती समाज शिकवत. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरी आधी कोण जेवतं?" रोमन स्त्रीपुरुषांचा अभ्यास त्यांच्याकडे असा सुरू होतो.

पुढे पीएचडीही त्यांच्याच हाताखाली केली. प्रबंध परीक्षकांकडे गेला आणि माझी चूक मलाच सापडली. एका ख्रिस्ती स्त्रीच्या थडग्यावर तिच्या नावाशी चर्चमधल्या सेवेचे पद आहे आणि खाली एका पुरुषाचे नाव. पद नवऱ्याचे, तिला ते लग्नाने मिळालेले, असे मी लिहिले होते; आपल्याकडे डॉक्टरांच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात तसे. फोटो मोठा करून पाहिला, तर झिजलेल्या ओळीत 'भाऊ' हा शब्द होता. अख्खे प्रकरण त्या नवऱ्यावर उभे. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर. पदवी जाणार या खात्रीने मी काकूंचे घर गाठले.

दार वसंतकाकांनी उघडले. काका इंजिनिअर, पण इथल्या मराठी मंडळातली नवी माणसे त्यांनाच डॉक्टरसाहेब म्हणतात. "डॉक्टर आत आहेत, मी त्यांचा नवरा," हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यांनी माझा चेहरा पाहून आधी थालीपीठ वाढले.

काकूंनी फोटो नीट पाहिला. "दगडावर नवरा नाहीच. तो तू घरून आणलास." मग म्हणाल्या की, ते प्रकरण त्यांनीही वाचून मंजूर केले होते, तेव्हा तो दोघींनी मिळून आणला. "दुसऱ्याने काढायच्या आत आपली चूक आपण वाचून दाखवायची. एक पान लिही. खाली माझंही नाव घाल."

परीक्षेत मी सर्वांत आधी ते पान वाचले. परीक्षकांनी दुरुस्तीला महिना दिला आणि पदवीही दिली. त्या दिवशी कित्येक दिवसांनी मला सपाटून भूक लागली.

काकूंच्या या गौरवग्रंथाच्या कच्च्या प्रतीत काकूंची ओळख 'वसंतरावांच्या सौभाग्यवती' अशी सुरू होत होती. ती मी बदलली. काका म्हणाले, त्यांचे नाव खाली बारीक अक्षरात चालेल.

काकूंनी धडधाकट राहून शंभरी गाठावी, काकांच्या हातचे थालीपीठ दोघांनी मिळून खावे आणि माझ्या पुढच्या लेखनात शिरलेला आगंतुक नवरा त्यांनीच आधी हुडकून काढावा.