औदुंबराच्या बुंध्यातली तीन भोकं

फोडणीत हिंग पडला की बुऱ्हाणपूरची ती घटना मला अजून आठवते, आणि इतक्या वर्षांनीही माझी चिडचिड होते. ती दुसऱ्यांवर कमी आणि स्वतःवर जास्त असते.

मी नुकताच सब-इन्स्पेक्टर झालो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे पुस्तकात वाचलेलं सगळं मला खरं वाटे आणि घरी ऐकलेलं सगळं खोटं. मध्य प्रदेशचं नवं राज्य होऊन थोडेच आठवडे झाले होते. छापील फॉर्मांवरचं ‘नागपूर’ खोडून आम्ही हातानं ‘भोपाळ’ लिहीत असू. ठाण्याचे मुन्शीजी, म्हणजे आमचे लिखापढी करणारे हेड कॉन्स्टेबल, दर वेळी म्हणत, “साहेब, राज्य बदललं, शाई तेवढी आपल्यालाच पुरवावी लागते.”

लोधीपुऱ्यात एका डाकबाबूच्या अंगणात जुना औदुंबर होता. दिवाळीनंतर एका सकाळी तो शेजारच्या कापड व्यापाऱ्याच्या घरावर कोसळला. माडीवरच्या खोलीचं छप्पर आणि एक भिंत गेली. माणसं खाली होती म्हणून वाचली. शेठजींनी घराचा विमा उतरवलेला होता. आगीचा आणि वादळाचाही. विमा कंपनीचा माणूस खांडव्याहून आला आणि ठाण्यात येऊन बसला.

“वाऱ्यानं पडलं असेल तर आम्ही भरपाई देऊ,” तो म्हणाला. “कोणी पाडलं असेल तर शेठजींनी त्या माणसाकडून घ्यावी. पोलिसांनी एवढं एक वाक्य लिहून द्यावं.”

त्या दिवशी पान हलेल एवढाही वारा नव्हता. तसं लिहिलं तर विमा जाणार, आणि शेठजी रोज ठाण्यात येणार. ते येतच होते. “साहेब, झाड त्याचं, जागा त्याची. मग माझ्या छपराचं कोण पाहणार? तुम्ही नुसते कागद लिहून राहिले!”

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या पेटीत बिननावाची चिठ्ठी सापडली. ‘बुंधा तपासा. भोकं पाडून हिंग भरला आहे.’ हिंगानं झाड मरतं, अशी तिकडे समजूत आहे. खरंखोटं मला आजही माहीत नाही. आम्ही पंच घेऊन गेलो. बुंध्यावरची शेणमाती खरवडली, तर गिरमिटानं पाडलेली बोटभर रुंद, वीतभर खोल अशी तीन भोकं निघाली. आतलं लाकूड कुजून भुसा झालेलं. आणि वास विचारू नका.

मी लगेच डाकबाबूला चौकशीला बोलावलं. मला कारणही सापडलं होतं. ‘झाड वाळत आहे, पाहणी करून फांद्या उतरवाव्यात,’ असा त्यानं दोन महिन्यांपूर्वी नगरपालिकेला अर्ज केला होता. म्हणजे याला झाड नको होतं! त्याला दोन दिवस ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. एवढ्यावर थांबलो नाही. त्याची रजा आणि वर्तणूक कळवावी, असं पत्र मी पोस्टमास्तरांना धाडलं. तो अजून नोकरीत कायम व्हायचा होता. पोलिसांचं पत्र फायलीत लागलं की काय होतं, ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं.

तो एकच बोले. “साहेब, औदुंबर आहे तो. दत्ताचं झाड. माझा हात त्याला कसा लागेल?”

“असल्या गोष्टी मला सांगू नका,” मी म्हणालो. कॉलेज बोलत होतं.

नुकसानीचा पंचनामा तेवढा राहिला होता. दुपारी मुन्शीजींना घेऊन शेठजींच्या घरी पोचलो. त्यांची म्हातारी आई ओसरीवर बसली होती. दर गुरुवारी भिंतीपलीकडे जाऊन ती त्या औदुंबराला पाणी घालायची.

“हिंग भरला म्हणे माझ्या झाडात!” ती कडाडली. “कोण्या पाप्यानं एवढा हिंग घातला? अन् इथं पावसाळाभर आम्ही बिनहिंगाचं वरण खाल्लं!”

“का हो माई?”

“या सूनबाईला पुसा. आखाडाच्या आधी पुरी डबी हरवून बसली.”

आतून सूनबाईंचा आवाज आला. “मी नाही हरवली! यांचा दात दुखत होता म्हणून यांनी नेली.”

“पुरी डबी?” मी म्हणालो.

“डबीसकट!”

माझ्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली. शेठजी उठून आत निघाले होते.

“शेठजी, कोणता दात?” मी विचारलं.

मुन्शीजींनी त्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. बत्तीसही दात शाबूत होते. त्यानंतर फार विचारावं लागलं नाही. उंबरांचा सडा गच्चीवर पडे, माश्या होत. झाड तोडू द्या म्हणावं, तर आईनं अन्न सोडलं असतं. बाजारात एवढा हिंग घेतला, तर गावभर झालं असतं. चिठ्ठीही त्यांनीच मुनीमाकडून लिहवून घेतली होती; वारा नव्हता म्हणून विमा बुडणार, तर भरपाई निदान डाकबाबूकडून निघावी म्हणून.

“पण साहेब, मी तोडलं नाही हो,” ते काकुळतीनं म्हणाले. “औदुंबराला कुऱ्हाड लावायचं पाप आमच्या घरात कोणी करणार नाही.”

म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. शेठजींकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

विमेवाल्याला त्याचं वाक्य मिळालं. शेठजींवर खटला झाला. मी मात्र डाकबाबूचा अर्ज पुन्हा वाचला. झाड वाळतंय हे ज्यानं आपणहून कळवलं, पाहणी करा म्हटलं, त्यानं मालक म्हणून आपली जबाबदारी पार पाडली होती. तोच कागद मी गुन्ह्याचं कारण म्हणून वाचला होता.

पोस्टमास्तरांकडे जाऊन तोंडी सांगितलं. ते म्हणाले, “पत्र आलंय, तर आता उत्तराला पत्रच पाहिजे.” आमचे इन्स्पेक्टर म्हणाले, “चूक कबूल करून लिहिशील, तर ते तुझ्या फायलीत जन्मभर राहील.” एक दिवस चालढकल केली. मग लिहिलं की, या इसमावरचा संशय माझ्या चुकीनं होता.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. झाड कोणाला नको आहे, एवढंच मी विचारत बसलो. ते नको असून तसं तोंडानं म्हणायची सोय कोणाला नाही, हे विचारलं नाही. पुढच्या नोकरीत ते विसरलो नाही.

डाकबाबू कायम झाला. माझी बदली होईपर्यंत मी तिकिटं घ्यायला जात होतो. मी रांगेत दिसलो की तो खिडकीवरून उठे, शांतपणे आत जाई, आणि दुसऱ्या बाबूला तिथे पाठवी.