प्रेमलाताईंचा पंच

धायरीच्या आमच्या बॉयलरच्या कारखान्यात प्रेमलाताई मेश्राम माल तपासायच्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, राहायला स्वारगेटजवळ. मी तिथेच खरेदी बघतो. मी शनिवार पेठेतला, कोणाचं कौतुक करायची सवय नाही. पण या बाईला आमच्या मालकांनी नारळ दिला, हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पोलादाची प्लेट येते तेव्हा तिच्या एका कोपऱ्यावर नंबर ठोकलेला असतो. ती कुठल्या प्रकारची, कुठल्या भट्टीतली, ते त्यावरून कळतं. प्लेट कापण्याआधी तोच नंबर उरणाऱ्या तुकड्यावर उतरवायचा आणि शेजारी तपासणाऱ्याने आपली खूण मारायची, अशी रीत. ताईंची खूण होती 'प्रे'; ती हातोडीने ठोकायला टोकाशी अक्षर कोरलेला पोलादी पंच त्यांच्याकडे असायचा. ती दिसली की सरकारी बॉयलर निरीक्षक निर्धास्त व्हायचे.

मार्चमध्ये सदाशिव पेठेतल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी बॉयलर बनत होता. ताई रजेवर होत्या. मालक रंगराव यांना धीर कुठला! स्वतः उभं राहून त्यांनी प्लेट कापून घेतली, तीही नेमकी नंबराच्या बाजूने. उरलेला तुकडा बिननंबरी, बेवारशी झाला. वर तो टाकला कुठे, तर शेडसाठी आणलेल्या साध्या प्लेटांच्या तुकड्यांत. जाडी तीच, गंजही तोच.

ताई कामावर आल्या तशा रंगराव म्हणाले, "ढिगातला तो वरचा तुकडा आपलाच आहे. मारा नंबर, बॉयलरला तोच लावायचाय."

"कशावरून आपला, साहेब?"

"अहो, दोन हजार बासष्ट काय न् दोन हजार दोन काय! दोन्ही भारतीय मानकंच ना? ताकदही तेवढीच. फरक काय तो साठाचा!"

आणि हा माणूस बॉयलरवर पोट भरतो, बरं का.

"ताकद सारखी आहे, पण थंड असताना," ताई म्हणाल्या. "बासष्टची प्लेट शेडच्या खांबांना, पुलांना. दोन हजार दोनची म्हणजे बॉयलरची प्लेट तापणार, दाब सोसणार, म्हणून ती वेगळी बनवतात आणि वेगळी तपासतात. आत वाफ असते साहेब, आणि भिंतीपलीकडे पोरं जेवत असतात."

"पण तो तुकडा बॉयलरचाच असेल की!"

"असेलही. पण 'असेलही' मला ठोकता येत नाही. तुकडा तपासायला पाठवा, नाहीतर नवी प्लेट आणा."

रंगरावांना दोन्ही नको होतं. बॉयलर वेळेवर जायला हवा होता. त्यांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवला, शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, उद्यापासून येऊ नका." चूक यांची, आणि घरी कोण बसणार, तर ती दाखवणारी! मी मध्ये बोललो, तर "तुम्ही खरेदी बघा" असं ऐकून घ्यावं लागलं.

ताई डबा पिशवीत भरत होत्या, तेवढ्यात रंगराव म्हणाले, "तुमच्या खुणेचा पंच ठेवून जा. तो कंपनीचा आहे."

माझी कानशिलं तापली. बाई नको, पण तिची खूण हवी! उद्या त्या बेवारशी तुकड्यावर 'प्रे' उमटणार आणि निरीक्षक ते बघून मान डोलावणार, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळत होतं.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. ग्राइंडरपाशी गेल्या, चष्मा चढवला आणि पंचाचं टोक चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या, अक्षर गेलं. मग येऊन त्यांनी पंच रंगरावांच्या टेबलावर ठेवला.

"घ्या. लोखंड कंपनीचं. नाव माझं होतं."

रंगरावांनी तो उचलला आणि चटका बसताच टाकून दिला.

'प्रे' नसलेला तुकडा निरीक्षक पास करणार नव्हते, म्हणून त्या आठवड्यात नव्या प्लेटची ऑर्डर मीच पाठवली. बॉयलर उशिरा गेला, कोणाचं काही अडलं नाही. म्हणजे ताई पहिल्या दिवशी जे सांगत होत्या, तेच झालं. मग त्यांना काढलं कशासाठी, हे मी रंगरावांना दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा त्यांना फोन आला.